चष्म्याचा नंबर परत आला, आता दुसऱ्यांदा लेझर? गावातून जाणाऱ्यांसाठी वाटाड्या

२०१४ मध्ये माझं पहिलं लेझर झालं तेव्हा मी १९ वर्षांची होते. घाई डोळ्यांची नव्हती, स्थळाची होती. आत्या म्हणायची, "पोरगी दिसाले चांगली हाय, पन चष्मा पायला का लोकं चहा पिऊन उठून जाते." बाबांनी दिवाळीनंतरचा कापूस विकला आणि मला नागपूरला नेलं. दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस साडेपाच होता. सकाळी तपासणी, दुपारी ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी उठले तर भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक तिथीसुद्धा वाचता येत होती. लग्नाच्या एकाही फोटोत चष्मा नाही.

पाचव्या वर्षी एसटीची पाटी बस पुढ्यात आल्याशिवाय वाचता येईना. रात्री स्कूटीवर समोरून ट्रॅक्टर आला की त्याच्या दिव्याभोवती उसाच्या चरकाएवढं कडं दिसायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये उजव्या डोळ्याचं दुसऱ्यांदा लेझर झालं. या दोन तारखांच्या मध्ये जे शिकले ते इथे क्रमानं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आपले सरकार केंद्र चालवते आणि घरची सहा एकर पऱ्हाटी-तूर आहे. पहिल्यांदा आम्ही विचारलं होतं, "मशीन कोणती हाय?" दुसऱ्यांदा तो प्रश्न फार नंतर येतो. त्याआधी विचारायचं, की पहिल्यांदा नेमकं काय झालं? याचं उत्तर मिळेपर्यंत कोणत्याही टेबलावर झोपू नका.

पहिली पायरी: जुने कागद

पहिल्या ऑपरेशनची फाइल शोधा. त्यात चार गोष्टी पाहिजेत: ऑपरेशनआधीचा नंबर, ऑपरेशनआधीची कॉर्नियाची जाडी आणि नकाशा (रंगीत कागद असतो, त्याला टोपोग्राफी म्हणतात), कोणती पद्धत वापरली ते, आणि नंतर महिन्या-तीन महिन्यांनी नंबर किती उरला होता ते. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काचेसारखी पारदर्शक चकती. लेझरचं सगळं काम तिच्यावरच चालतं.

कागद घरी नसतील तर त्या दवाखान्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असं आहे. पण ठेवायची सक्ती तीनच वर्षांची आहे, तीही भरती झालेल्या रुग्णांच्या कागदांसाठी. मी दहा वर्षांनी गेले. काउंटरवरच्या मुलीनं "सिस्टम बदललं, जुना डाटा नाही" म्हणून हात वर केले. मला कागद सापडला तो बाबांच्या पत्र्याच्या पेटीत, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्यांखाली. तोही एकच पान, पण त्यावर जाडी लिहिलेली होती: ५३२. या एका आकड्यानं पुढे किती काम केलं ते खाली येईलच.

काहीच मिळालं नाही तरी वाट बंद होत नाही. डोळ्याच्या पुढच्या भागाच्या ओसीटी तपासणीत (प्रकाशानं थरांचा फोटो काढतात) जुना काप किती खोल आहे ते आजही मोजता येतं.

दुसरी पायरी: तक्रार नेमकी कोणती?

"नीट दिसत नाही" एवढं सांगून डॉक्टरकडे जाऊ नका. आठवडाभर वहीत लिहा. लांबचं की जवळचं? सकाळी की संध्याकाळी? एक डोळा झाकून पाहिलं तर कोणता वाईट? मोबाइलवर अर्धा तास काम केल्यावर धूसर होतं आणि डोळे मिटमिटवले की परत साफ होतं का?

मग गावातल्या किंवा तालुक्याच्या चष्मेवाल्याकडून आजचा नंबर काढा आणि साधासा चष्मा करून घ्या. हो, चष्माच. सासरी सगळ्यांनी कपाळाला हात लावला. सासूबाई म्हणाल्या, "पैसे भरून काढला अन् आता वापस कायले लावतं?" पण या चष्म्यानं मला जे सांगितलं ते कोणत्या मशीननं सांगितलं नव्हतं. तो लावून रात्री आठ वाजता फाट्यापर्यंत स्कूटी चालवून पाहिली. उजव्या डोळ्याचं कडं जवळजवळ गेलं. म्हणजे त्रास नंबरचा होता. नंबरचा त्रास असेल तर दुसरं लेझर तो काढू शकतं.

चष्मा लावूनही दिवे तसेच फाकलेले दिसत असतील, एकाचे दोन दिसत असतील, तर तो त्रास नंबरचा नाही. कॉर्नियाचा पृष्ठभाग उंचसखल असेल, डोळा कोरडा असेल किंवा आत मोतीबिंदू धरत असेल. तिथे पुन्हा नंबर काढायचं लेझर मारून काही हाताला लागत नाही. दीड-दोन हजारांच्या चष्म्यात हे कळतं, म्हणून ही पायरी गाळू नका.

तिसरी पायरी: कारण

इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. नंबर परत येण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा.

माझं कारण साधं होतं. १९ व्या वर्षी नंबर थांबलेलाच नव्हता. लेझरला कायद्यानं वयात आलेलं चालतं, पण डोळा वयात आलेला असला पाहिजे. किमान एक वर्ष नंबर जागचा हलला नाही असे दोन कागद हातात असल्याशिवाय ऑपरेशन करू नये. माझ्या वेळी मागचा कागद कुणी मागितलाच नाही. मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळा आतून लांब झालेला असतो. लेझर पुढची काच घासतं, डोळ्याची लांबी कमी करत नाही. नंतर डोळा आणखी थोडा लांबला, की घासलेल्या काचेवरही नवा नंबर चढतो.

दुसरं कारण म्हणजे काच स्वतःच भरून येते. लेझरनं खोलगट केलेल्या जागी वरची पातळ त्वचा जाड होत जाते आणि थोडा नंबर परत आणते. मोठ्या नंबरात हे जास्त दिसतं.

तिसरं कारण आपल्याकडे फार आहे, ते म्हणजे कोरडेपणा. लेसिकमध्ये (कॉर्नियाची वरची चकती कापून खाली लेझर मारायची पद्धत, माझं पहिलं ऑपरेशन तेच) कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे डोळ्याला पाणी कधी सोडायचं ते कळेनासं होतं. त्यात विदर्भाचा उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास, रात्रभर कूलरचा वारा तोंडावर, दिवसभर सरकीची नाहीतर तुरीच्या कुटाराची धूळ. कोरड्या डोळ्यावर काढलेला नंबर खोटा येतो. माझाच दाखला घ्या: पहिल्या तपासणीत उजवा डोळा मायनस दोन आला. डॉक्टरीणबाईंनी पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवली. दहा मिलिमीटरच्या पुढे ओली व्हायला पाहिजे होती, माझी चारवर थांबली. त्यांनी लेझरची तारीख दिलीच नाही. दोन महिने अश्रूंचे थेंब (प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले), रोज पापण्यांना कोमट फडक्याचा शेक आणि कूलरचं तोंड पायाकडे. दोन महिन्यांनी तोच डोळा मायनस दीड. अर्धा नंबर नुसत्या पाण्यानं गेला! घाईत लेझर झालं असतं तर तेवढं जास्त घासलं गेलं असतं.

चौथं कारण भीतीचं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. कॉर्निया आधीच कमजोर असेल किंवा पहिल्या वेळी जास्त घासली गेली असेल तर ती हळूहळू पुढे फुगत जाते. त्याला एक्टेशिया म्हणतात. ओळख अशी, की नंबर दर सहा महिन्याला बदलतो, त्यातला सिलेंडर (कॉर्नियाच्या वाकडेपणाचा नंबर) वाढत जातो आणि चष्म्यानंही शेवटच्या ओळी वाचता येत नाहीत. अशा डोळ्यावर दुसरं लेझर म्हणजे पाझरणाऱ्या बांधाची माती आणखी खणणं. तिथे क्रॉसलिंकिंग करतात: रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश देऊन कॉर्निया कडक करायची, म्हणजे फुगवटा थांबतो. ज्यांना लहानपणापासून डोळे चोळायची सवय आहे, ॲलर्जीनं खाज येते, त्यांनी टोपोग्राफी पाहिल्याशिवाय कुणाचंच ऐकू नये.

आणि काही वेळा ऑपरेशन फसलेलंच नसतं. चाळिशी आली, की सुईत दोरा ओवता येत नाही. तो लेझरचा दोष नाही. चष्मा नसलेल्या माणसालाही ते होतं. शुगर वरखाली होत असेल तर नंबरही वरखाली होतो, आधी शुगर ताब्यात आणा. बाळ अंगावर पीत असेल किंवा दिवस गेलेले असतील तर थांबा. त्या काळात नंबरावर विश्वास ठेवता येत नाही.

मधेच आत्याची गोष्ट, कारण गावात हाच घोळ जास्त आहे

वर जिच्या बोलण्यानं सगळं सुरू झालं त्या आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शिबिरात झालं, भिंग बसवलं. दोन वर्षं झकास गेली, मग पुन्हा धुकं. ती म्हणे, "मोतीबिंदू वापस आला. डॉक्टरनं अर्धाच काढला." तसं नसतं. भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात तिची मागची बाजू काही जणांत कालांतरानं गढूळ होते. याग लेझरनं त्या पडद्याला मधोमध भोक पाडतात. काप नाही, टाका नाही, भरती नाही, काही मिनिटांचं काम. डोळ्यात थेंब टाकून यंत्रापुढे बसायचं. एकदा पाडलेलं भोक सहसा पुन्हा पाडावं लागत नाही. नंतर डोळ्याचा दाब तपासून घ्यायचा, आणि डोळ्यापुढे ठिणग्या चमकल्या, काळे ठिपके एकदम वाढले किंवा बाजूनं पडदा सरकल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

हे लेझर आणि नंबर काढायचं लेझर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी कुणी "लेझरचं पॅकेज" सांगत असेल तर आधी विचारा, कोणतं लेझर?

चौथी पायरी: तपासणी कुठे करायची

जिथे ऑपरेशन करायचं तिथेच सगळं मत घेऊ नका. बाजारात बैल विकणाऱ्यालाच बैलाचे दात मोजायला लावत नाही आपण. डोळ्याची साधी पण महत्त्वाची तपासणी (बाहुली मोठी करून मागचा पडदा पाहणं, दाब, मोतीबिंदू आहे का) मेडिकल कॉलेजच्या नेत्र विभागात होते. यवतमाळचं वसंतराव नाईक मेडिकल, नागपूरचं मेडिकल आणि मेयो, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, जे जवळ असेल ते. बाहुली मोठी करायच्या थेंबांनंतर चार-पाच तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं वाचता येत नाही, म्हणून गाडी चालवत जाऊ नका. मी एकटी स्कूटीवर गेले होते, परत येताना भावाला बोलवावं लागलं.

कॉर्नियाचा नकाशा, जाडी, वरच्या त्वचेची जाडी आणि ओसीटी या तपासण्यांसाठी मात्र मोठं केंद्र लागतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स आधी एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद ठेवा, नाहीतर नकाशाच वाकडा येतो. नागपूरच्या रामदासपेठ-धंतोली भागात गल्लीगणिक डोळ्यांचे दवाखाने आहेत. दोन ठिकाणी दाखवा. दुसऱ्या ठिकाणी पहिल्याचं मत आधी सांगू नका, फक्त जुना कागद द्या.

पाचवी पायरी: कॉर्नियाचा जमाखर्च

हा हिशेब सहावीच्या पोराला जमतो, पण मला तो दहा वर्षं कुणी सांगितला नव्हता. कॉर्निया साधारण ५२० ते ५५० मायक्रॉन जाड असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. लेसिकमध्ये आधी वरची पातळ चकती कापून पुस्तकाच्या पानासारखी उलटतात, तिला फ्लॅप म्हणतात. मग खालचा भाग लेझरनं घासतात, एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन. पान परत झाकतात. पानाखाली जे उरतं त्यावर डोळ्याचा आतला दाब तोललेला असतो. तिथे किमान २५० मायक्रॉन उरलेच पाहिजेत. जपून काम करणारे डॉक्टर ३०० च्या खाली जात नाहीत.

माझा हिशेब: ५३२ मधून फ्लॅपचे १३० धरले होते, साडेपाच नंबराचे साधारण ७७ गेले, उरायला पाहिजे होते ३२५. ओसीटीत फ्लॅप १४२ निघाला, म्हणून उरलेले ३१३. आता दीड नंबर आणि थोड्या सिलेंडरला आणखी २८ च्या आसपास लागणार. फ्लॅप उचलून खाली घासलं तर उरतात २८५. चालतं, पण काठावर. हा आकडा डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर कागदावर मांडला. जिथे हा हिशेब तुमच्यासमोर मांडला जात नाही, तिथून उठा.

सहावी पायरी: कोणती पद्धत

आता मशीनचा प्रश्न. दुसऱ्या वेळी मुख्य वाटा दोन. एक, जुना फ्लॅप उचलून खाली लेझर मारायचा. दुखत नाही, दुसऱ्या दिवशी दिसतं. पण फ्लॅप जितका जुना, तितकी उचलताना त्याच्या कडेनं वरची त्वचा आत शिरायची भीती जास्त. पहिलं ऑपरेशन वर्षा-दोन वर्षांपूर्वीचं असेल तर ही वाट बरी. दुसरी, फ्लॅपला हात न लावता वरूनच करायचं, म्हणजे पीआरके. वरची नाजूक त्वचा पुसून काढतात, लेझर मारतात, मग डाग पडू नये म्हणून मायटोमायसिनचा बोळा काही सेकंद ठेवून धुऊन टाकतात. यात घासलं जातं ते फ्लॅपच्याच जाडीतून. माझे खालचे ३१३ तसेच राहिले.

शेतात काम करणाऱ्यांनी दुसऱ्या वाटेचा आधी विचार करावा, असं माझं मत. दुखतं जास्त, पण नवा काप नाही. फ्लॅप दहा वर्षांनीही जोराचा मार लागला तर सरकू शकतो. आपल्याकडे बैलाचं शिंग, बाभळीची फांदी, पऱ्हाटीचं काडं, काय कधी लागेल सांगता येत नाही.

पहिलं ऑपरेशन स्माइल पद्धतीचं (बारीक छेदातून कॉर्नियाचा आतला पातळ थर काढतात) असेल तर उचलायला फ्लॅपच नसतो, मग बहुतेक वेळा पीआरकेच करतात. डोळ्यात भिंग (आयसीएल) बसवूनही थोडा नंबर उरला असेल तर कॉर्नियावर लेझर करून तो काढता येतो. आणि पहिल्या ऑपरेशनला सहा महिनेही झाले नसतील तर काहीच करू नका, नंबर स्थिर होऊ द्या.

माझा डावा डोळा मायनस अर्ध्यावर होता. मी म्हटलं, दोन्ही करून टाका. बाई म्हणाल्या, "तो राहू द्या. चाळिशीत तोच डोळा तुम्हाला मोबाइल वाचून दाखवेल." एवढा गिऱ्हाईक हातात असताना नाही म्हणणारा डॉक्टर भेटला, तेव्हाच मी तारीख ठरवली.

सातवी पायरी: पैसे

मला दोन्ही डोळ्यांचे ६० हजार सांगितले होते, एकाचे निम्मे. २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, म्हणजे एक डोळा चार क्विंटल कापसाचा. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी वाचा: साडेसातपेक्षा कमी नंबर काढायचा खर्च विम्यात धरत नाहीत, आणि परत आलेला नंबर बहुधा त्याहून कमीच असतो. सरकारी योजनेत काही बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, एजंटला नाही. पहिल्या दवाखान्यानं "पुढे नंबर आला तर फुकट करू" असं लिहून दिलं असेल तर ते वापरायच्या आधीही वरच्या सगळ्या पायऱ्या कराच. फुकट आहे म्हणून डोळा घासायचा नसतो.

भरतीच्या तयारीतल्या पोरांनो, जाहिरातीतली वैद्यकीय अट आधी वाचा. रेल्वेत लोको पायलटसारख्या पदाला लेझर झालेला डोळा चालतच नाही.

आठवी पायरी: दिवस धरणं

पंचांग नको, शेतीचं कॅलेंडर काढा. जून-जुलै पेरणी, पावसाळ्यात डोळ्यांची साथ (२०२३ च्या पावसाळ्यात घरटी कुणाचे ना कुणाचे डोळे आले होते) आणि फवारणी. ऑक्टोबरात सोयाबीन, पुढे वेचणी, जानेवारीत तूर. एप्रिलपासून ऊन. उरतो फेब्रुवारी. तूर घरात आली, हवा बरी, मजूर शोधायचे नाहीत. धुळवडीच्या आधी महिनाभर तरी होऊन जाईल असं बघा आणि त्या वर्षी रंगाच्या दिवशी घरात बसा. मी बसले. पुतण्यांनी दाराबाहेरून पिचकारी दाखवून दाखवून छळलं.

राहायची सोय आधी करा. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, पीआरकेनंतर तिसऱ्या दिवशी तो प्रवास नकोसा होतो. मी पाच दिवस मावसबहिणीकडे राहिले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण सोबत येणाऱ्या नवऱ्याला पूर्ण, हे हिशेबात धरा. आणि सोबत माणूस पाहिजेच. गणेशपेठच्या स्टँडवर एक डोळा मिटून पाट्या वाचत फिरायची ती वेळ नसते.

ऑपरेशन आणि पुढचे पाच दिवस

ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. डोळा बधिर करतात, पापण्या उघड्या ठेवायला चाप लावतात, वरच्या दिव्याकडे पाहत राहायचं. जळक्या केसांसारखा वास येतो, घाबरू नका. प्रत्यक्ष लेझर अर्ध्या मिनिटाचाही नव्हता. शेवटी पट्टीसारखी एक लेन्स डोळ्यावर बसवून देतात. काजळ, पावडर, डोक्याला तेल, अत्तर हे त्या दिवशी नको.

पहिली रात्र वाईट गेली. मिरची कांडताना डोळ्यात गेल्यासारखं, पाणी थांबत नव्हतं. दुसरा दिवसही तसाच. खोली अंधारी, गोळी वेळेवर, डोळा चोळायचा नाही, झोपताना प्लास्टिकची ढाल चिकटवायची. बधिर करायचे थेंब कुणी मेडिकलमधून आणून देत असेल तर घेऊ नका. त्यानं दुखणं थांबतं, पण जखम भरत नाही. चौथ्या दिवशी सकाळी दुखायचं एकदम थांबलं, पाचव्या दिवशी डॉक्टरांनी लेन्स काढली. ती स्वतः काढायची नाही. मधेच निघून पडली तर पुन्हा घालू नका, फोन करा. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, डोळा लालभडक झाला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर रात्र काढू नका.

नजर लगेच येत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे "हेही फसलं" अशी कुजबुज सुरू झाली होती. पीआरकेत नजर पायरी पायरीनं साफ होते. मला संगणकावर नीट काम करायला तीन आठवडे लागले, रात्रीचे दिवे निवळायला अडीच महिने.

स्टेरॉइडचे थेंब डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात. बाटली संपली म्हणून बंद करू नका आणि बरं वाटतं म्हणून आणखी एक आणू नका. त्यानं डोळ्याचा दाब वाढतो, आणि लेझर झालेल्या पातळ कॉर्नियावर दाब यंत्रात आहे त्याहून कमी दिसतो. म्हणून प्रत्येक तपासणीत "माझं दोनदा लेझर झालं आहे" हे तोंडानं सांगा, कार्यक्रमातल्या वक्त्यासारखं. महिन्यानं आणि तीन महिन्यांनी तपासणी चुकवू नका.

शेतात परत

पहिले दोन आठवडे डोक्यावरून पाणी नाही, चुलीपुढे बसणं नाही, फोडणीच्या कढईवर वाकणं नाही. महिनाभर मळणी, कुटार, गोठा झाडणं दुसऱ्यानं करावं. उन्हात चांगला काळा चष्मा सहा महिने तरी, कारण ऊन लागून कॉर्नियावर धूसरपणा येऊ शकतो. फवारणी त्या हंगामात मी केली नाही. यांनी केली. पुढच्या हंगामापासून शेतात जाताना हार्डवेअरच्या दुकानातला बाजूनं झाकलेला प्लास्टिकचा पारदर्शक गॉगल लावते. गावातली पोरं "वेल्डिंगवाली बाई" म्हणतात.

काडं किंवा पातं डोळ्यात गेलं तर गावातल्या मेडिकलमधून लाल डोळ्याचे थेंब आणू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, आणि झाडपाल्यानं झालेल्या जखमेत बुरशी शिरलेली असेल तर ते तिला खतपाणीच होतं. स्वच्छ पाण्यानं धुवा आणि थेट डोळ्यांचा डॉक्टर गाठा. मोठा मायनस नंबर होता त्यांचा डोळा आतून अजून लांबच आहे, म्हणून ठिणग्या, काळे ठिपके, सरकता पडदा ही वर सांगितलेली लक्षणं आपल्यालाही लागू आहेत. वर्षातून एकदा मागचा पडदा तपासून घ्या.

शेवटची पायरी: पुन्हा कागद

दोन्ही ऑपरेशनचे सगळे कागद एकत्र करा, मोबाइलवर फोटो काढा, घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. साठीत मोतीबिंदू झाला, की भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वळणावरून मोजतात, आणि लेझरनं ते वळण बदललेलं असतं. नेहमीच्या सूत्रानं मोजलं तर भिंग चुकीचं बसतं. तेव्हा हेच जुने आकडे लागतील. माझी फाइल आता सातबाऱ्याच्या पिशवीत आहे. वर स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे: "डोळ्याचे कागद. मोतीबिंदूच्या वेळी दाखवणे."